क्रॉसबोच्या शिकारीचा सरंजाम

हिंदुस्थानात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीस मनाई झाल्यापासून मराठी माणसाच्या लेखी शिकार ही संस्थानी वाड्यांच्या भिंतींवरील शिंगांत आणि आजोबांच्या गोष्टींत उरलेली वस्तू आहे, आणि आपल्याकडील रानांची आजची अवस्था पाहता ती तेथेच राहावी हे उत्तम. परंतु ओहायो, पेनसिल्व्हेनिया, मिशिगन किंवा विस्कॉन्सिन या अमेरिकी संस्थानांत स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींची गोष्ट निराळी आहे. तेथे पांढऱ्या शेपटीचे हरिण, जे विसाव्या शतकाच्या आरंभी बेसुमार हत्येमुळे काही लक्षांवर येऊन ठेपले होते, ते आज कोट्यवधींच्या संख्येने शेते, बागा आणि हमरस्ते यांवर वावरते. त्याची नियंत्रित शिकार हा तेथील वनखात्याच्या व्यवस्थेचाच एक भाग असून, बंदुका, काडतुसे आणि धनुष्ये यांच्या विक्रीवरील संघराज्याच्या कराचे उत्पन्न वन्यजीवांच्या संगोपनाकडे जाते, ही तजवीज १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने आणि त्याच्या पुढील दुरुस्त्यांनी घालून दिलेली आहे. अशा ठिकाणी शेजारी किंवा कचेरीतील सहकारी यांच्या आग्रहाने कोणी रीतसर परवाना काढून क्रॉसबो, म्हणजे दस्त्यावर आडवे बसवलेले चापाचे धनुष्य, हाती घेण्याचे ठरवले, तर त्याने सामानाच्या दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी काय जाणून घ्यावे, एवढाच या लेखाचा मर्यादित हेतू आहे.

प्रथम कायद्याची बाब थोडक्यात आटोपू. क्रॉसबोला सर्वत्र सारखी मुभा नाही. ओहायोत तो फार पूर्वीपासून मान्य आहे. पेनसिल्व्हेनियाने आणि मिशिगनने २००९ साली त्याला धनुष्याच्या हंगामात मोठी सवलत दिली. विस्कॉन्सिनने २०१४ साली त्याचा स्वतंत्र हंगाम सुरू केला. ऑरेगॉनमध्ये मात्र शिकारीसाठी तो आजही निषिद्ध आहे. धनुष्याच्या ताणाची किमान मर्यादा, बाणाच्या पात्याची रुंदी, हंगामाच्या तारखा, हे सर्व प्रत्येक राज्याच्या वार्षिक नियमपुस्तिकेत छापलेले असते आणि ते दरवर्षी थोडेफार बदलतेही. सबब मित्राच्या तोंडच्या माहितीवर इतबार न ठेवता त्या वर्षीची पुस्तिका स्वतः वाचावी. नवशिक्यास परवान्यापूर्वी बहुतेक ठिकाणी शिकार-शिक्षणाचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. तो केवळ उपचार समजून उरकू नये.

आता वेशाकडे वळू. कारण नवशिका सर्वांत अधिक पैसा येथे घालतो आणि बहुधा चुकीच्या कारणासाठी घालतो. दुकानात टांगलेल्या अंगरख्यांवर ओकची पाने, फांद्यांच्या सावल्या, सालींचे खवले इतक्या हुबेहूब छापलेले असतात की पाहणाऱ्याने थक्क व्हावे. पण थक्क होणारा डोळा माणसाचा असतो. हरणाचा डोळा वेगळा आहे. जेराल्ड जेकब्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनावरून असे दिसून आले की, माणसाच्या नेत्रपटलात रंग जाणणाऱ्या पेशींचे तीन प्रकार असतात, तर या हरणाच्या नेत्रपटलात दोनच. एक निळ्या रंगाला सर्वाधिक प्रतिसाद देणारा आणि दुसरा हिरव्या-पिवळ्या रंगाला. तांबडा आणि नारिंगी यांची वेगळी ओळख त्याला पटत नाही. ते रंग त्याला मळकट, निस्तेज दिसत असावेत. उलट निळा रंग त्याला आपल्यापेक्षा कितीतरी अधिक झळाळून दिसतो, आणि आपल्या डोळ्याचे भिंग जे जंबुपार किरण अडवते ते त्याच्या डोळ्यात बरेचसे आत शिरत असल्यामुळे पहाटेच्या आणि तिन्हीसांजेच्या अंधुक प्रकाशात, जी नेमकी शिकारीची वेळ, हा फरक विशेष वाढतो. तपशील ओळखण्यात त्याची दृष्टी आपल्याहून पुष्कळ मंद आहे. पण डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असल्याने मान न वळवता त्याला जवळजवळ सारा परिसर दिसतो, आणि त्या परिसरात कोठेही काही हलले की ते त्याच्या लक्षात आलेच म्हणून समजावे.

एवढी गोष्ट ध्यानात घेतली की वेशाचे नियम आपोआप ठरतात. पहिला नियम असा की, अंगावर निळे काही नसावे. अंगरखा पाचशे डॉलरांचा आणि खाली नेहमीची जीन्स, असा थाट करून रानात जाणारे पुष्कळ आढळतात. त्यांचा वरचा अर्धा भाग रानात मिसळतो आणि खालचा अर्धा हरणापुढे उजळ होऊन उभा राहतो. दुसरा नियम धुण्याचा. आपल्या आयांनी पांढऱ्या सदऱ्यांसाठी टिनोपाल वापरले, ते ज्या जातीचे द्रव्य होते त्याच जातीची, म्हणजे जंबुपार किरण शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकणारी, चमकद्रव्ये आजच्या बहुतेक धुलाई-चूर्णांत असतात, आणि ती एकदा धाग्यात बसली की उत्तम छद्मवेशही हरणाच्या दृष्टीने उजेड टाकू लागतो. शिकारीचे कपडे अशा द्रव्यांविना बनवलेल्या, निर्गंध साबणानेच धुवावेत. कपड्यात चमक आहे की नाही हे पाहण्याची सोपी रीत म्हणजे अंधाऱ्या खोलीत नोटा तपासण्याचा जांभळा दिवा त्यावर धरावा. जो कपडा निळसर पांढरा पेटून उठेल तो घरी ठेवावा.

याच ज्ञानाने नारिंगी जाकिटाविषयीची भीतीही दूर होते. बंदुकीचा हंगाम चालू असताना रानात वावरणाऱ्या क्रॉसबोधारकालाही अनेक राज्यांत भडक नारिंगी वस्त्र घालणे सक्तीचे आहे. पेनसिल्व्हेनियात बंदुकीच्या हरिण-हंगामात डोके, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच नारिंगी दिसले पाहिजे असा दंडक आहे. हा रंग माणसाला मैलभरावरून दिसतो आणि हरणाला मात्र तो रंग म्हणून जाणवत नाही, ही निसर्गाने आपल्यावर केलेली मेहेरबानीच म्हणायची. सक्ती नसलेल्या काळातही रानात जाता-येता आम्ही तो घालावा असेच सांगू, कारण दुसऱ्या शिकाऱ्याच्या चुकीपासून रक्षण करणारे त्याच्याइतके स्वस्त साधन दुसरे नाही.

मग चित्रित कापडाला काहीच किंमत नाही काय? आहे, पण ती पानांच्या हुबेहूबपणात नाही. १८४६ मध्ये पेशावरास उभारलेल्या गाइड्स पलटणीला हॅरी लम्सडेनने धुळीच्या रंगाचे कपडे दिले, तेव्हा पार्श्वभूमीच्या रंगाशी मिसळण्याचे तत्त्व लष्करात रुजले. अमेरिकी चित्रकार ॲबट थेयर याने १८९६ साली प्राण्यांच्या वर गडद आणि खाली फिकट अशा रंगयोजनेचे रहस्य उलगडले. आणि ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ह्यू कॉट याने १९४० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात, परस्परविरोधी मोठ्या पट्ट्यांनी देहाची आकृतीच कशी मोडते हे सविस्तर मांडले. आकृती मोडणे हेच वेशाचे खरे कार्य. १९८६ साली रिअलट्री आणि मॉसी ओक या दोन पेढ्या निघाल्या आणि त्यानंतर बाजारात पानाफांद्यांच्या बारीक छायाचित्रणाची जी शर्यत लागली, तिच्यात हे तत्त्व कधीकधी हरवले. कारण बारीक नक्षी चार हातांवरून सुंदर दिसली तरी तीस यार्डांवरून, त्यातही हरणाच्या मंद दृष्टीला, तिचा एकच काळपट गोळा होतो, आणि तो गोळा दोन हात, दोन पाय असलेल्या माणसाच्याच आकाराचा असतो. म्हणून कापड निवडताना ते दुकानातील सेवकास दूरच्या भिंतीपाशी धरावयास सांगावे, डोळे अर्धवट मिटून पाहावे, आणि फिकट व गडद असे मोठे तुकडे जर त्यात वेगवेगळे दिसत राहिले तरच ते घ्यावे.

ऋतू आणि जागा यांचेही तारतम्य हवे. सप्टेंबरच्या अखेरीस ओहायोतील झाडी हिरवीगार असते; ऑक्टोबरच्या उत्तरार्धात ती पिवळी-तपकिरी होते; आणि नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, जेव्हा नर माजावर येऊन दिवसाढवळ्या भटकू लागतात आणि शिकाऱ्याची खरी पर्वणी असते, तेव्हा झाडांवर करड्या फांद्यांखेरीज काही उरलेले नसते. दोन वेश घेण्याची ऐपत नसेल तर करडा-तपकिरी एकच घ्यावा. हिरव्या रानात तो चालतो, पण करड्या रानात हिरवा चालत नाही. मचाणावर बसणाऱ्याची पार्श्वभूमी आकाश असते, सबब त्याच्या कापडात फिकट भाग अधिक हवा, आणि पाठीशी जाड खोड किंवा फांद्यांची जाळी असलेले झाड हवे. असे झाड निवडणे हे कोणत्याही छापील नक्षीपेक्षा अधिक फलदायी आहे. जमिनीवरील कापडी लपणात बसणाऱ्याने मात्र सर्व नक्षी विसरून साधा काळा सदरा आणि काळी टोपी घालावी, कारण लपणाच्या आत काळोख असतो, आणि पाठीमागच्या खिडक्या बंद ठेवाव्यात. त्या उघड्या राहिल्या की आतील माणूस उजेडापुढे ठसठशीत उमटतो.

चेहरा आणि हात यांची हयगय सर्वांत अधिक होते. अंगभर झाडपाला पांघरलेल्या माणसाचा उघडा चेहरा पानांच्या फटीतून उजळून दिसतो, आणि हात तर सतत हलणारेच. पातळ जाळीचा बुरखा किंवा रंगलेप यांपैकी जे सोसवेल ते वापरावे. चष्मा वापरणाऱ्यास बुरख्यात काच धुकाटण्याचा त्रास होतो, त्याने लेपच पत्करावा आणि टोपीचा पुढचा पत्रा खाली ओढून काचेवरील चकाकी झाकावी. हातमोजे पातळ असावेत. जाड मोज्यातील बोट चापाच्या कमानीत शिरताना, गोळी सुटावी तसा बाण अवेळी सुटल्याच्या घटना घडतात. थंडीसाठी कमरेला बांधण्याची ऊबदार हातपिशवी वापरावी आणि चापाशी मात्र पातळच बोट न्यावे.

कापडाचा आवाज हा एक स्वतंत्र विषय आहे. पाऊस अडवणारी कडक नायलॉनची जाकिटे कोपर वाकवताच कुरकुरतात आणि शांत सकाळी ती कुरकुर हरणाला सहज ऐकू जाते. लोकर, फ्लीस किंवा मऊ लव असलेले कापड घ्यावे, आणि दुकानातच त्यावर नख ओढून पाहावे. आत अंगालगत मेरिनो लोकरीचा थर असावा. सुती गंजीफ्रॉक, जो आपल्या हवेत उपकारक, तो तेथील नोव्हेंबरात घामाने भिजून अंग गारठवतो. मचाणापर्यंतचे अंतर हलक्या कपड्यांत चालावे, जाड अंगरखा पाठीवर बांधून न्यावा आणि जागी पोचल्यावर, घाम निवल्यावर, तो चढवावा. बूट रबराचे आणि अंमळ सैल असावेत.

वेश कितीही उत्तम असला तरी वारा प्रतिकूल असेल तर तो व्यर्थ आहे, कारण हरिण डोळ्यांवर जितका विश्वास ठेवते त्याहून अधिक नाकावर ठेवते. गंधनाशक फवारे, कोळशाचे अस्तर लावलेले कपडे यांचा बाजार मोठा आहे. त्यांनी वास कमी होतो, नाहीसा होत नाही. मराठी घराच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ओट्यावर हिंग-मोहरीची फोडणी पडत असताना बाजूच्या खुंटीवर शिकारीचा अंगरखा लटकत असेल, तर फवाऱ्यावरील सारा खर्च बुडीत खाती गेला म्हणावे; ते कपडे झाकणाच्या पेटीत, गॅरेजमध्ये ठेवावेत. वाऱ्याची दिशा पाहण्यासाठी चूर्णाची लहान बाटली मिळते, पण त्याहून सरस साधन तेथील शेतांच्या बांधांवर फुकट उगवते. मिल्कवीड ही आपल्या रुईच्याच कुळातील वनस्पती. तिच्या बोंडातील म्हातारी, जी लहानपणी आपण फुंकरीने उडवीत असू, चिमटीतून सोडली की ती पाच-पन्नास यार्ड तरंगत जाते आणि वारा पुढे कोठे वळतो, कोठे खाली बसतो, हेही दाखवते. पहाटे थंड हवा उताराने खाली वाहते, ऊन चढल्यावर ती वर सरकते, आणि संध्याकाळी पुन्हा खाली येते. मचाणाची जागा ठरवताना हा क्रम जमेस धरावा.

आता खुद्द आयुधाविषयी. जाहिरातींत सेकंदाला किती फूट, हा आकडा मोठ्या अक्षरांत असतो आणि नवशिका त्यालाच भुलतो. वेग कामाचा आहे, पण त्याची मर्यादा साध्या गणिताने कळते. समजा बाण सेकंदास ३८० फूट वेगाने सुटला. ध्वनी सेकंदास सुमारे ११०० फूट जातो. वीस यार्डांवरील हरणाला प्रत्यंचेचा आवाज बाण पोचण्यापूर्वी सुमारे एकदशांश सेकंद आधी ऐकू येतो, आणि चाळीस यार्डांवरील हरणाला सुमारे एकपंचमांश सेकंद आधी. दचकलेले हरिण उडी घेण्यासाठी प्रथम पाय मुडपून खाली बसते. एवढ्या अवधीत त्याची पाठ काही इंच खाली जाते आणि बाण वरून निघून जातो, किंवा त्याहून वाईट म्हणजे भलत्याच ठिकाणी लागून जनावर जखमी होऊन हिंडत राहते. म्हणून वेगाच्या आकड्यासाठी जादा रक्कम मोजण्यापेक्षा, प्रत्यंचेचा कंप शोषणारे रोधक असलेले, आवाजाला मंद आयुध घ्यावे आणि तीस यार्डांपलीकडे चाप ओढू नये. दुर्बिणीतील खालच्या रेषा पन्नास-साठ यार्डांसाठी आखलेल्या असतात; त्या चांदमारीसाठी आहेत असे समजावे.

वजन आणि रुंदी हातात धरूनच पाहावी. बाहू ताणलेल्या स्थितीत चाकांचे काही क्रॉसबो अवघे सहा-सात इंच रुंद असतात, तर साध्या वक्र बाहूंचे बरेच रुंद. मचाणाच्या कठड्याला किंवा लपणाच्या खिडकीच्या चौकटीला बाहू आपटला तर नेम चुकतो आणि आयुधही फुटते. मात्र साध्या वक्र बाहूंच्या क्रॉसबोची प्रत्यंचा घरच्या घरी बदलता येते, चाकांच्या क्रॉसबोस कारागिराकडे न्यावे लागते. ज्याच्या गावी असा कारागीर नाही त्याने याचा विचार करावा. प्रत्यंचा ओढण्यासाठी दोरीचा ओढा वापरल्यास जोर सुमारे निम्मा लागतो आणि ती दोन्ही बाजूंनी सारखी ओढली जाते. हाताने वाकडीतिकडी ओढली तर बाण बाजूला जातो. पाठीचे दुखणे असणाऱ्याने फिरकीचे यंत्र घ्यावे, लाज बाळगू नये.

दोन बाबतींत कसूर झाल्यास मात्र क्षमा नाही. पहिली, पन्हळीवर बाण नसताना चाप कधीही ओढू नये. सारी शक्ती बाहूंत परत जाऊन ते फुटतात. दुसरी, आधाराच्या हाताचा अंगठा. दस्त्याच्या पुढच्या भागाखाली डाव्या हाताची बोटे येतात, आणि नवशिक्याचा अंगठा सवयीने वर, पन्हळीच्या कडेवर चढतो. त्याच वाटेवरून प्रत्यंचा सुटते, आणि तिच्या तडाख्याने अंगठ्याचे टोक तुटल्याची उदाहरणे आहेत. ज्या आयुधाला अंगठा अडवणारी रुंद कड आहे तेच घ्यावे. बाण कारखानदाराने सांगितलेल्या वजनाचे आणि त्याच घडणीच्या शेपटीचे वापरावेत. चपटी, अर्धचंद्राकार आणि खाचेची असे शेपटीचे प्रकार असतात आणि ते परस्परांच्या जागी चालत नाहीत. पाते स्थिर असो वा उघडणारे, ते वस्तऱ्यासारखे धारदार हवे, आणि ज्या पात्याने शिकार करायची त्याच पात्याने हंगामापूर्वी नेम तपासावा.

मचाणासाठी मात्र हात आखडू नये. रानातील गंभीर अपघातांत झाडावरून पडण्याचा वाटा फार मोठा आहे. संपूर्ण शरीराचा सुरक्षापट्टा, चढताना कमरेभोवतून खोडाला वेढणारा पट्टा, आणि जमिनीपासून मचाणापर्यंत बांधलेली जीवनदोरी, जिच्यावर प्रुसिक गाठ आपल्यासोबत सरकत वर येते आणि झटका बसताच आवळते, या तिन्ही वस्तू अंगरख्यापूर्वी विकत घ्याव्यात. पट्ट्यावर छापलेली मुदत संपली की तो चांगला दिसत असला तरी टाकून द्यावा. पडून पट्ट्यात लोंबकळण्याची वेळ आल्यास मांड्यांतील रक्तप्रवाह अडतो, म्हणून पाय टेकण्याची पट्टी खिशात हवी. प्रत्यंचा खाली जमिनीवरच ओढून घ्यावी, सेफ्टी लावावी, बाण भात्यातच ठेवावेत, स्वतः वर जाऊन बांधून घ्यावे, आणि मगच आयुध दोरीने वर ओढावे. आपण कोठे बसणार आणि केव्हा परतणार याची चिठ्ठी घरी ठेवावी. फोनवर विसंबू नये; त्याची बॅटरी थंडीत लवकर उतरते.

दिवस अखेरीस बाण न सोडता खाली यायचे असेल तर ओढलेली प्रत्यंचा हाताने सैल करण्याचा प्रयत्न करू नये. उतरल्यावर बोथट टोकाचा जुना बाण मऊ मातीत किंवा निशाण्याच्या ठोकळ्यात सोडून ती मोकळी करावी. ओढलेला क्रॉसबो गाडीत ठेवणे अनेक राज्यांत मना आहे. आणि शिकार साधली असेल, तर निदान अर्धा तास जागेवरून हलू नये. नंतर नारिंगी जाकीट चढवून माग काढावा, आणि जनावर ओढून नेताना त्याच्यावरही नारिंगी फडके बांधावे. ओहायोत दुसऱ्या दिवशीच्या दुपारी बारापूर्वी शिकारीची नोंद करावी लागते. हरणांतील क्षयकारी मेंदूविकार, जो विस्कॉन्सिनच्या रानात २००२ साली आढळला आणि त्यानंतर शेजारच्या राज्यांतही पोचला, त्याच्या लागण झालेल्या टापूतून मेंदू आणि पाठीचा कणा बाहेर नेण्यास बंदी असते. तेथे डोके तपासणीस द्यावे, आणि अहवाल येईपर्यंत मांस वेगळे बांधून, वर तारीख घालून, फ्रीजरमध्ये ठेवावे.